चौथ्या मजल्याचा फोन

मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. माझ्या बायकोचाही बसत नाही, आणि ती इथेच बसून मटार सोलतेय.

आमची अर्धी इमारत भर दुपारी कोसळली. मी तिथला वॉचमन. बाहेर जाणारा प्रत्येक जण किल्ली माझ्या केबिनमधल्या खिळ्याला अडकवून जायचा. चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंची किल्ली खिळ्यालाच होती, म्हणून मी अग्निशमनवाल्यांना छातीठोकपणे सांगितलं, "बाई बाहेर आहेत, तिकडे खणू नका."

बाई सहाव्या दिवशी सापडल्या. दुसरी किल्ली त्यांच्या मुठीत होती.

आठव्या दिवशी केबिनमधला इंटरकॉम वाजला. तारा तुटून बाहेर लोंबत होत्या, तरी त्यावरचा बाईंच्या घराचा दिवा लागला होता. मी धीर करून उचलला. बाई नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, "वॉचमनकाका, मी घरीच आहे, बरं का."

"मग काय केलंत?" समोर बसून ऐकणाऱ्या प्लंबरने विचारलं.

"काय करणार? चपला सोडून पळालो."

बायकोने मटाराची टोपली बाजूला सारली.

"अहो, आठव्या दिवशी नाही, पहिल्याच संध्याकाळी वाजला तो. मी डबा घेऊन आले, तेव्हा तुम्ही त्याला चादरीत गुंडाळत होता."