जिन्याचा गालिचा

“खिशात काय आहे ते काढा बघू,” डॉक्टर प्रिचर्ड म्हणाल्या.

क्लिफर्डने निमूटपणे ई-सिगारेट काढून टेबलावर ठेवली. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. खोलीभर त्या वाफेचा, कस्टर्डचा वास सुटला होता, आणि इंग्लंडातल्या बार्न्सलीच्या दवाखान्यात कस्टर्ड काही कुणी करत नाही.

क्लिफर्डने जन्मभर दोनच गोष्टी केल्या. बस चालवली आणि सिगारेटी फुंकल्या. मागच्या वर्षी याच बाईंनी एक्स-रे समोर धरून सांगितलं होतं, हे असंच चाललं तर जेमतेम दोन वर्षं. शेजारी त्याची बायको डोरीन बसली होती. ती रडली नाही. परत जाताना दुकानात शिरली आणि जिन्यासाठी सांगून ठेवलेला गालिचा रद्द करून आली. दुकानदार बिचारा वीस वर्षांची हमी देत होता. “वीस वर्षांचा घेऊन काय करू?” ती म्हणाली. जिन्यावर जुनाच विटका गालिचा राहिला, आणि घरात पुढच्या उन्हाळ्याचं बोलणंही बंद झालं.

सिगारेट सोडायला गोळ्या झाल्या, दंडावरच्या निकोटिनच्या पट्ट्या झाल्या. सिगारेट सुटली ती या वाफेच्या नळीने. ही हातातून गेली तर संध्याकाळच्या आत आपण पाकीट फोडणार, हे क्लिफर्डला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरांनी नळी दोन बोटांत उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी.

“फेकून देऊ का?” त्याने विचारलं.

“तसं मी म्हणत नाही.”

“मग ओढू?”

“तसंही म्हणत नाही. सिगारेटपेक्षा बरी, एवढं कबूल. छाती सुधारलीय तुमची. पण मिस्टर हेब्डन, हे नवं खूळ आहे. पंचवीस वर्षांनी ही वाफ तुमचं काय करून ठेवील, ते मला आज सांगता येत नाही. मला त्याची खरंच काळजी वाटते.”

बाई थट्टा करत नव्हत्या. क्लिफर्डने त्यांच्या तोंडाकडे नीट बघून खात्री करून घेतली. मग त्यांच्या बोटांतली नळी घेऊन खिशात टाकली, आभार मानले आणि तो बाहेर आला.

बाकावर डोरीन मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती.

“काय रे, काढून घेतली?”

“नाही.”

“मग काय म्हणाल्या?”

“पंचवीस वर्षांनंतरचं काही सांगता येत नाही म्हणाल्या.”

डोरीन त्याच्याकडे बघत राहिली. मग पर्समध्ये रुमाल शोधू लागली. तो तिच्या हातातच होता. पुढच्या पेशंटला हाक मारायला दारात आलेल्या डॉक्टर तिथेच थबकल्या.

“पंचवीस,” डोरीन नाक पुसत म्हणाली. “म्हणजे वीस वर्षांचा गालिचा काही पुरायचा नाही.”