चाळीस दिवसांची साखळी

मंडळीची थंडावलेली भक्ती पुन्हा जागी व्हावी म्हणून पाळकसाहेबांनी चाळीस दिवसांची प्रार्थना-साखळी लावली होती. चर्चमागच्या खोलीत प्रत्येकाने आपापल्या वेळी तासभर गुडघे टेकायचे आणि नंतर चर्चच्या दारावरच्या तक्त्यात सही करायची. शेवटच्या रविवारी तक्ता सह्यांनी गच्च भरलेला होता. तो उंच धरून दाखवताना पाळकसाहेबांचा ऊर भरून आला. "बघा, एकही तास रिकामा गेला नाही!"

लोक पांगल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशी त्या खोलीची किल्ली परत द्यायला आल्या.

"साहेब, येईल त्याला किल्ली द्या म्हणाला होतात. पण चाळीस दिवसांत कुणी मागायलाच आलं नाही हो. मग साखळी तुटायला नको, म्हणून झाडून झालं की मीच बसत होते. जमेल तेवढं."

पाळकसाहेबांच्या हातात तक्ता चुरगळला. दर मंगळवारच्या पहिल्या चौकोनात त्यांचीच सही होती, ठसठशीत.

त्यांनी दार लोटून घेतलं. आवाज आपोआप खाली आला. "मावशी, हे कुणाजवळ बोलला नाहीत ना?"

"छे हो," मावशी म्हणाल्या, "माणसांपैकी कुणाजवळच नाही."