मागं बघणारा ड्रायव्हर

“चाळीस वर्षं या लबाडानं मला झोपू दिलं नाही,” असं म्हणत जोतिरामआण्णांनी खेळण्यातल्या इंजिनाच्या पोलादी साच्यावरचं तेल फडक्यानं पुसलं. तरुणपणी हा साचा त्यांनीच कोरला होता. साच्यात डावं-उजवं उलटं कोरायचं, तेव्हा वस्तू सुलट निघते. आण्णांनी अख्खं इंजिन उलटं कोरलं आणि ज्वारीच्या दाण्याएवढा ड्रायव्हर तेवढा सुलट! झालं, इंजिन निघालं मिरजेला अन् ड्रायव्हर बघतोय कोल्हापूरकडं. कारखान्यांचं अख्खं उद्यमनगर असं खदखदून हसलं, की त्या वाऱ्यानं चार भट्ट्या विझल्या.

आता कारखाना तीच गाडी पुन्हा काढणार होता. कळताच आण्णा कोरणी घेऊन धावत आले. मरण्याआधी त्या ड्रायव्हरचं तोंड पुढं फिरवायचं होतं.

“हात लावू नका, आण्णा!” आता कारखाना चालवणारी जुन्या मालकांची लेक दारातूनच ओरडली. “लोक त्याच्यासाठीच तर जुनी इंजिनं शोधत फिरतात. खोक्यावर त्याचंच चित्र छापलंय.”

“अगं पोरी, चूक हाय ती माझी!”

“ठाऊक आहे. खाली तुमचं नावसुद्धा घातलंय.”

आण्णांनी एक खोकं उचलून नाव वाचून पाहिलं.

“साचा झिजून त्याचा चेहरा पुसट झालाय,” ती लाडानं म्हणाली. “तेवढा ठळक करून द्या. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?”

नकार ओठांवर आला होता; पण समोर छापील खोक्यांची चळत छतापर्यंत गेली होती. आण्णांनी भिंग डोळ्याला लावलं आणि ज्याचं तोंड फिरवायला आले होते, त्याची मिशी कोरायला घेतली.