पारख

शिवमच्या मनोविकाराच्या अभ्यासासाठी डॉक्टरांनी त्याच्या धडधाकट थोरल्या भावाच्या, अंकुरच्याही मेंदूचा फोटो काढला होता. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी उजेडावर लागले. रिठदच्या मळ्यातली किडकी वांगी अंकुर नुसत्या नजरेने वेगळी काढी; त्याच भरवशाने त्याने एका फोटोवर बोट ठेवले.

"हा येडावाकडा, हाच शिवमचा. दिसूनच राह्यला न, सायेब!"

"तो तुमचा आहे," डॉक्टर म्हणाले. "काळजीचं काही नाही. प्रत्येक मेंदूची घडण निराळी असते. हा आजार असलेल्या दोन माणसांचे मेंदूही सारखे नसतात."

अंकुरला वर पाहवेना. शिवमने जवळ सरकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"भेऊ नको, दादा. कोनी तुले येडा-बह्याड म्हनलं, त मी हाओ न."