सासूबाईंची मिस्सा

टायरच्या दुकानामागच्या खोलीत आमची रविवारची मिस्सा होते. परदेशात एवढं मिळतंय हेच नशीब. पण नुकत्याच गावाहून आलेल्या सासूबाईंनी वात आणला. आधी रबराच्या वासावरून कुरकुर झाली. मग इथली भाषा येईना म्हणून प्रत्येक प्रार्थना खड्या आवाजात मराठीत म्हणू लागल्या. माना वळल्या. “आई, जरा मनात म्हणा ना,” मी दात आवळून पुटपुटले. “का? देवाला मराठी समजत नाही?” पुढे ‘स्वर्गातील बापा’ सुरू झालं. सगळ्यांचं संपलं, तरी यांचं चालूच. अपराधांच्या क्षमेपर्यंत आल्या आणि अडकल्या. पुढचं आठवेना. माझ्याकडे बघत राहिल्या. फादर थांबले, अख्खी खोली थांबली. शेवटी नाइलाजाने मीच पुढची ओळ मोठ्याने म्हटली आणि उरलेली प्रार्थना दोघींनी मिळून संपवली. सगळे ‘आमेन’ म्हणाले. बसताना सासूबाई कुजबुजल्या, “एक ओळ गाळलीस तू.”