वाजवून घेतलेला कॅमेरा

"हाही नको," बाबा म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा कानापासून दूर केला.

हो, कानापासून. जग कॅमेरा डोळ्याला लावतं. बाबा तो आधी स्टुलावर बसलेल्या आईवर रोखत, बटण दाबत, मग कानाशी नेऊन पुन्हा दाबत आणि मान हलवत. काचेच्या टेबलावर नापास कॅमेऱ्यांची रांग लागली होती. लेक कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती आणि तो अर्धा दिवस आता संपत आला होता.

"बाबा, कॅमेरा घेताय की मडकं? वाजवून काय बघताय?"

"झालंच गं. झालंच."

हे बाबांचं पालुपद. भाजी चिरायला घ्यायच्या आधी 'झालंच', चपला सापडायच्या आधी 'झालंच'. आई म्हणायची, यांचं 'झालंच' कानावर आलं की माणसानं खुशाल एक डुलकी काढावी. देवानं बाबांना भरपूर सबुरी दिली होती. फक्त ती बहुधा घरातल्या इतरांच्या वाट्यातून काढून दिली होती.

दुकानदार बिचारा गुणी माणूस. त्याने पुन्हा तो छोटा काळा कॅमेरा पुढे सरकवला. "काका, नवशिक्याला याच्यासारखा नाही. हलका आहे, खिशाला परवडतो, हात हलला तरी सांभाळून घेतो. आणि आवाज? अजिबात नाही. समोरच्याला चाहूलसुद्धा लागत नाही."

"तेच तर. चाहूलच लागत नाही."

"मग आवाज चालू करून देतो की!" त्याने आत कुठेतरी काहीतरी दाबलं. कॅमेरा 'टिर्र' करून बोलला.

"ही शिट्टी नको," बाबा म्हणाले. "शिट्ट्या घरात सगळेच मारतात. फ्रिज मारतो, कपड्यांचं मशीन मारतं, फोन तर दिवसभर मारतो. कोण कशासाठी वाजतंय काय कळतं?"

"काका, निदान फोटो तरी बघा कसा आलाय!"

"फोटो चांगलेच येतात हो सगळ्यांचे." बाबांनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुकानदाराने लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे पाहिलं.

आणि आई? आई कोपऱ्यातल्या स्टुलावर ताठ बसली होती. हनुवटी जराशी वर, पदर नीट, चेहऱ्यावर हसू. दुकानात येऊन बसली तेव्हापासून ती हसतच होती. लेकीला आता त्या हसण्याचाही राग यायला लागला. नवऱ्याच्या खुळाला हिची अशी फूस!

खूळ नाही तर काय? गेल्या वर्षी आईची दृष्टी गेली. थोडीथोडकी नाही, पूर्णच. आणि जन्मात कधी कॅमेऱ्याला हात न लावलेल्या माणसाने नेमका त्यानंतर फोटो काढायचा ध्यास घेतला. सुरुवात लेकीच्या जुन्या फोनवर झाली. आई अंगणात, आई खिडकीशी, आई उन्हात केस वाळवताना. सगळ्या फोटोंत हसू मात्र एकच, भिंतीला खिळा ठोकून टांगल्यासारखं. लेकीला वाटलं, फोन रद्दी आहे. एक बरासा, बेताच्या किमतीचा कॅमेरा घेऊन देऊ, म्हणजे फोटोंत जीव येईल. ते करायला ती आली होती, आणि इथे बाबांनी दुकानाचं मडक्यांचं दुकान करून टाकलं होतं.

पण खरी ठसठस वेगळीच होती. ज्या बाईला आता स्वतःचा चेहरा दिसत नाही, तिला रोज समोर बसवून तिचे फोटो काढायचे. फोटोंची हौस होती तिला एके काळी. आता तिच्या जिवाला काय होत असेल?

लेकीने बाबांना कोपराला धरून बाजूला घेतलं. आईला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबला, तरी तो फाटलाच.

"बाबा, आईला दिसत नाही. तुम्ही एकामागून एक कॅमेरे रोखताय तिच्यावर. तिला काय वाटत असेल, याचा विचार केलात का एकदा तरी?"

बाबांनी तिच्याकडे अशा नवलानं पाहिलं, जणू तिने त्यांना त्यांचंच नाव विचारलं होतं.

"तोच तर करतोय ना मघापासून," ते म्हणाले. "दुसरं काय करतोय मी?"

दुकानदार हात टेकून खाली वाकला आणि त्याने अगदी तळाच्या खणातून एक जाडजूड धूड वर काढलं. कडांचा रंग उडालेला. "आता हा शेवटचा. वापरलेला आहे, म्हणून स्वस्त. आत आरसा असतो, बटण दाबलं की तो उडतो. वीट आहे नुसती, काका. आजकाल कुणी विचारत नाही. हा वाजला की झाडावरचे पक्षी उडतात."

बाबांनी वीट दोन्ही हातांनी उचलली. आईवर रोखली. बटण दाबलं.

खटाक्!

दाराशी उभं असलेलं गिऱ्हाईक दचकून वळलं. या वेळी बाबांनी कॅमेरा कानाशी नेला नाही. ते आईकडे बघत राहिले.

आईचे ताठलेले खांदे खाली आले. हनुवटी उतरली. चेहऱ्यावरचं हसू अलगद ओसरलं आणि तिने दोन्ही तळव्यांनी आपले गाल चोळले.

"हुश्श! हा फोटो मात्र खरंच निघाला," ती म्हणाली. "अहो, तुमच्या 'झालंच'च्या भरवशावर माणसानं किती वेळ हसत बसायचं?"