पट्टा वाजला की

आखातातल्या सित्रा बेटावर उन्हात काम करता करता संघप्रियाचे वडील कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. पुढे संशोधक झाल्यावर तिने सारं आयुष्य एकाच गोष्टीत घातलं. कामगाराचं अंग धोक्याच्या पलीकडे तापलं की वाजू लागणारा मनगटावरचा पट्टा पहिल्यांदा तिनेच बनवला.

आज सित्रातल्याच एका कंपनीत तिचा सत्कार होता.

"मॅडम, तुमचा पट्टा आल्यापासून आमच्याकडे एकही माणूस उन्हाने पडलेला नाही," मॅनेजर अनिरुद्ध कौतुकाने म्हणाला.

तिचे डोळे भरून आले. "म्हणजे पट्टा वाजला की त्याला लगेच सावलीत बसवता ना?"

"सावलीत कशाला? ज्याचा सारखा वाजतो, त्याचा व्हिसा खलास! सरळ गावी पाठवून देतो."